भिंतीकडे पाठ करून

प्रिय ठकू,

पाकिटावरचं अक्षर बघून तू आधी आईला फोन लावशील. लावू नकोस. ती ठणठणीत आहे. मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून आठवडाभर तिकडे गेली आहे. मी घरी एकटाच. पहिल्या दिवशी भात करपवला, दुसऱ्या दिवशी कच्चा ठेवला आणि मंगळवारी दुपारी तुमच्या हॉटेलात जेवून आलो. हो, तुमच्याच. व्हिएतनामी जेवण, जन्मात पहिल्यांदा, आणि तेही सहा वर्षं त्याला नावं ठेवून झाल्यावर.

भाताचं निमित्त खोटं आहे. कोपऱ्यावरच्या खानावळीत माझं भागलं असतं. पण मंगळवारी दुपारी तू दवाखान्यात ड्यूटीवर असतेस आणि जावई (लिहून टाकलं एकदाचं) भाजी आणायला जातात, हे आईच्या बोलण्यातून मला पाठ झालंय. दर गुरुवारी ती तुझ्याकडे येते आणि मला शिवणक्लासला जाते म्हणून सांगते. सहा वर्षांत घरात उशीचा एक अभ्रा शिवून आला नाही, तरी मी चकार शब्द काढलेला नाही. तू नसशील अशी वेळ साधून मी आलो, यावरूनच माझी छाती किती ते ओळख.

हॉटेलचा बोर्ड रंगवून द्या म्हणून तू आली होतीस, तेव्हा मी काय बोललो ते तू विसरली नसशील. चाळीस वर्षं लोकांच्या पाट्या रंगवल्या, पण जे मला वाचता येत नाही ते मी लिहीत नाही, असं म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी शोभलं असतं. पुढे म्हणालो, गढूळ पाणी आणि कच्चा पाला विकणाऱ्यांच्या घरात माझी मुलगी गेली, ती गेलीच. तू माझा एक जुना ब्रश मागून घेतलास, चपला घातल्यास आणि जिना उतरलीस. आई स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. मी पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर समोर धरून बसलो होतो.

परवा तू रंगवलेला तो बोर्ड पाहिला. खडूच्या दोऱ्याने मारलेल्या रेषा पुसायच्या राहिल्यात. लाल रंगाला खाली अस्तर नाही, म्हणून पोपडे धरलेत. पण दोन अक्षरांमधली जागा कुठे म्हणून चुकलेली नाही, आणि हे हाताला येता येता माझी दहा वर्षं गेली होती. रस्त्याच्या पलीकडून मी बघत राहिलो. तेवढ्यात दारातल्या बाईंनी मला पाहिलं. आता पळ काढणं बरं दिसेना, म्हणून आत गेलो. तुझ्या लग्नाला मी आलो नव्हतो. त्यामुळे त्या, म्हणजे तुझ्या सासूबाई, मला ओळखायच्या नाहीत, असं मी धरून चाललो होतो.

त्यांनी मला भिंतीकडे पाठ करून बसवलं. मी मेनूकार्डावर कुठेतरी बोट ठेवलं. मोठा वाडगा आला, शेजारी ताटलीत पाला, मोड आलेले मूग, लिंबाची फोड. मला वाटलं ती कोशिंबीर असावी. म्हणून मी आधी सगळा पाला बकरीसारखा नुसताच चघळून संपवला. बाई हसल्या नाहीत. दुसरी ताटली घेऊन आल्या, पानं हाताने तोडून माझ्या वाडग्यात टाकली, लिंबू पिळलं आणि चमचा माझ्या हातात दिला. त्या पाण्यातून तळ दिसत होता, ठकू. गढूळ कसलं. चक्रीफूल, दालचिनी, भाजलेलं आलं, कोंबडीचे तुकडे, खाली तांदळाच्या शेवया. मी वाडगा तोंडाला लावून शेवटचा थेंबही संपवला. इतक्या वर्षांत मी वास घ्यायलाही आलो नाही याची लाज वाटली, पण खरी लाजेची गोष्ट त्यानंतर घडली.

बाई समोर येऊन बसल्या आणि मोडक्यातोडक्या आपल्या भाषेत त्यांनी विचारलं, मुलं किती. मी म्हणालो, नाहीत. मूलबाळ नाही आम्हाला. एक मुलगी आहे म्हणालो असतो तर ती कुठे असते, असं त्यांनी विचारलं असतं, आणि त्या प्रश्नाला मी घाबरलो. त्यांनी मान हलवली, भांडी उचलली. मी निघायला उठलो आणि मागे वळलो, तर माझ्या डोक्यावरच भिंतीला फोटो लावलेला. शिडीवर मी, खाली रंगाचा डबा धरलेली तू, फ्रॉकभर निळा रंग. चष्मा सोडला तर मी तसाच दिसतो अजून. म्हणजे मी दारातून आत आलो तेव्हाच त्यांनी मला ओळखलं होतं. मुलं किती, हे त्यांना विचारायचं नव्हतंच. मला बोलायला जागा करून देत होत्या. आणि मी त्यांच्या डोळ्यांत बघून तू नाहीसच असं म्हणालो. मी फोटो पाहिल्याचं त्यांनी पाहिलं. आईसाठी म्हणून एक डबा हातात दिला. हे सगळं त्या तुला कधीच सांगणार नाहीत, म्हणून मीच लिहितोय. मला माफ कर असं म्हणायची हिंमत नाही. येत्या मंगळवारी ड्यूटी बदलून घेशील का? त्यांनी मला तोच प्रश्न पुन्हा विचारावा आणि तेव्हा तू तिथे असावंस, एवढंच मागणं आहे.

तुझाच, तू म्हणू दिलंस तर,
बाबा