पाण्याच्या नळाशेजारचा पियानो

तीर्थरूप मामा,

बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत बसून, जाळीआडून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार करतो. (पूर्ण वाकलो तर कपाळ माइकवर आपटतं आणि ते सगळ्या स्थानकाला ऐकू जातं. मागे नुसता शिंकलो होतो, तर एका ड्रायव्हरने गाडी सुरू केली होती.) तुमचा गुडघा कसा आहे? आणि बोटं? परवा मामींशी फोनवर बोलणं झालं. त्या म्हणाल्या, गुडघा बरा आहे, बोटंही बरी आहेत, फक्त तोंड वाईट झालं आहे, दिवसभर कुणाशी धड बोलत नाहीत. आणि तुम्ही घरातल्या पियानोवर जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी रचून ठेवली आहे, इतकी की आता झाकण उघडायचं मनात आलं तरी आधी रद्दीवाल्याला बोलवावं लागेल. इतकी वर्षं पियानो वाजवून घेऊन आमच्या गावातल्या हॉटेलवाल्यांनी तुमच्या जागी मोठा टीव्ही बसवला ही चूक त्यांची. त्याची शिक्षा घरातल्या पियानोला का, असं मी विचारणार नाही. मोठ्यांना विचारू नये.

आमचं इथलं क्षेमकुशल कळवायचं तर आमच्या स्थानकात अभिजात संगीत आलं आहे आणि त्याने माझ्या नाकी नऊ आणले आहेत.

झालं असं, की आमच्या सांस्कृतिक समितीचे अध्यक्ष परदेशी जाऊन आले. तिथे कुठल्याशा स्टेशनात त्यांनी म्हणे सार्वजनिक पियानो पाहिला. येणारा-जाणारा कुणीही बसतो, वाजवतो, लोक ऐकतात, डोळे पुसतात आणि आपापल्या गाडीला जातात. अध्यक्षांनी परत येऊन सामानही सोडलं नसेल, सभा बोलावली. अभिजात संगीत सामान्य माणसाच्या दारी न्यायचं ठरलं. सामान्य माणूस कुठे मिळतो याची चौकशी झाली आणि तो बसस्थानकात मिळतो असं कळलं. (समितीतल्या एकानेही आयुष्यात बस पकडलेली नसल्यामुळे हे त्यांना नव्यानेच समजलं.) मग एक दिवस टेम्पोतून पियानो आला. जागा एकच मोकळी करता येण्यासारखी होती, ती म्हणजे पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह यांच्या मधली. तिथे एक बाक होतं, म्हाताऱ्या बायका त्यावर टेकायच्या. ते बाक उचलून भंगाराच्या खोलीत टाकलं. सामान्य माणसाच्या दारी संगीत आणायचं तर त्याला उठवावं लागणारच.

पियानोवर समितीने पाटी लावली, 'मी तुमचा आहे, मला वाजवा'. आमचे आगारप्रमुख सरकारी मालमत्तेच्या बाबतीत फार हळवे. त्यांनी खाली दुसरी पाटी लावली, 'हात लावू नये'. दोन्ही पाट्यांचा मान राखायचा म्हणून अध्यक्षांनी झाकणाला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात घालून निघून गेले. त्यानंतर कितीतरी दिवस तो सर्वांसाठी खुला आणि कुलूपबंद असा उभा होता. लोक त्याच्यावर पिशव्या ठेवायचे. चहावाला रिकामे ग्लास ठेवायचा. एका बाईंनी तर बाळाचे लंगोट वाळत घातले, आणि मी जाळीतून रागावलो तेव्हा म्हणाल्या, "पाटीवर वाजवा म्हटलंय, वाळवू नका कुठे म्हटलंय?"

मग उद्घाटनाचा कार्यक्रम ठरला. बाहेरून एक नामांकित वादक आणले. काळा कोट, गळ्याला बो, आणि चेहऱ्यावर आपण चुकीच्या गाडीत बसलो आहोत असा भाव. पहिल्या रांगेत पाहुण्यांसाठी आगारप्रमुखांच्या खोलीतले सोफे मांडले. त्यामागे दोरी बांधली. दोरीमागे सामान्य माणूस, त्याच्या गाठोड्यांसकट. (हा सगळा खटाटोप ज्याच्यासाठी, त्याने जवळ येऊ नये म्हणून दोरी होती.) भाषणं झाली. जनतेची अभिरुची किती खालावली आहे हे अध्यक्षांनी जनतेला तपशीलवार सांगितलं. जनता शेंगदाणे खात ऐकत होती.

वादक महाशयांची अट होती, संपूर्ण शांतता. इंजिनं बंद, चहावाल्याचा स्टोव्ह बंद, मीही बंद. मी चौकशी केली (माझं कामच ते), की मग गाड्यांचं काय? अध्यक्ष म्हणाले, कलेसाठी एवढा त्याग करावाच लागतो. त्याग लोकांनी करायचा असल्यामुळे ते अगदी ठाम होते. वर त्यांनी एक हुशारी केली. पियानोचा आवाज मागच्यांनाही जावा म्हणून त्याच्यासमोर माइक ठेवून तो थेट स्थानकाच्या भोंग्यांना जोडला. फलाटांवर, कँटीनमध्ये, ड्रायव्हर लोकांच्या खोलीत, सगळीकडे. इथे खरी गंमत आहे, मामा, नीट वाचा.

आमच्या स्थानकाची घंटा तुम्हाला ठाऊकच आहे. कुठलीही घोषणा करण्याआधी मी बटण दाबतो आणि भोंग्यांतून तीन सूर वाजतात. वर, खाली, मग मध्ये. ते वाजले की गाडी लागली. इथल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. झोपलेला माणूस त्या तीन सुरांवर उठून उभा राहतो आणि मग जागा होतो.

वादक महाशयांनी स्टूल पुढे ओढलं, मागे ओढलं, पुन्हा पुढे ओढलं. डोळे मिटले. हात उचलले. आणि वर, खाली, मध्ये असे तीन सूर भोंग्यांतून सगळ्या स्थानकावर सोडले.

सगळं स्थानक उठून उभं राहिलं. अध्यक्षांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, पहिल्याच सुराला जनतेने मानवंदना दिली. तेही छातीवर हात ठेवून उभे राहिले, त्यांचं पाहून सोफ्यावरचे पाहुणे उभे राहिले. तेवढ्यात जनता गाठोडी उचलून धावली. दोरी तुटली. तीन सुरांनंतर मी गाडीचं नाव सांगतो अशी रीत, पण मी तर बंद. त्यामुळे कुठल्या फलाटावर जायचं ते कुणालाच कळेना, म्हणून सगळे सगळ्या फलाटांवर गेले. मी लोकांना थांबवायला खिडकीबाहेर पडलो, तर मलाही वाहून नेलं. तिकडे ड्रायव्हर मंडळींनी भोंगा ऐकून इंजिनं सुरू केली आणि ज्याला जे प्रवासी मिळाले ते घेऊन तो निघाला. प्रमुख पाहुण्या गर्दीबरोबर एका गाडीत चढल्या, किंवा चढवल्या गेल्या. बरंच अंतर गेल्यावर कंडक्टरला त्यांच्या गळ्यातला हार दिसला.

बरं, जे चुकून परत आले ते बसतात न बसतात तोच तेच तीन सूर पुन्हा. तुम्हाला माहीत असेलच, त्या रचनेत ते फिरून फिरून येतात. लोक पुन्हा उठले. वादकांचे डोळे मिटलेले. संपवून त्यांनी उघडले तेव्हा समोर अध्यक्ष उभे होते, चहावाला स्टोव्ह पेटवत होता, आणि सोफ्यावर एक ठार बहिऱ्या आजी पाय पसरून बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं बाक गेल्यापासून त्यांना पहिल्यांदाच नीट टेकायला मिळालं होतं.

नंतरच्या सभेत दोष कुणाचा हे ठरायला वेळ लागला नाही. जनतेचा. वादक महाशय पुन्हा पाऊल ठेवणार नाहीत म्हणून कळवून मोकळे झाले. अध्यक्ष म्हणाले, या लोकांची लायकी नाही, तरी लोकशाही आहे, एक संधी देऊ. येत्या रविवारी दुपारी दुसरा कार्यक्रम. लोक शेवटपर्यंत बसून राहिले तर पियानो इथे राहील, नाहीतर तो 'सुरक्षित ठेवीत' जाईल. सुरक्षित ठेव म्हणजे अध्यक्षांचा दिवाणखाना. त्यांच्या सौभाग्यवतींनी माशांची काचेची पेटी हलवून जागा मोजूनही ठेवली आहे. वादक शोधायची जबाबदारी समितीने स्वतःकडेच घेतली आहे, म्हणजे तो मिळणार नाही याची आता कुणालाच शंका नाही.

माझं म्हणाल तर मला आनंदच आहे. गोंधळात किल्ली झाकणालाच राहिली होती. (ती आता माझ्या खणात आहे. जाळी फार दाट असल्यामुळे कुणी मागितली तरी मला ऐकू येत नाही.) तेव्हापासून झाकण उघडं आहे आणि ताप वाढला आहे. लांबच्या गाडीचा एक ड्रायव्हर निघण्याआधी एका बोटाने एकच चाल वाजवतो आणि रोज एकाच ठिकाणी चुकतो. आता ती जागा आली की बाकांवरून चार माणसं बरोबर सूर गुणगुणतात, तो मान हलवतो आणि पुन्हा तिथेच चुकतो. काल तो रजेवर होता तर लोकांनी खिडकीशी येऊन मला विचारलं, आज आहे का नाही? मी चौकशी खिडकी गाड्यांसाठी आहे असं सांगून हाकललं. मग मीच जाऊन ती चाल वाजवली. नाइलाज होता.

असो. रविवारी ही ब्याद गेली की मी सुटलो. तुम्ही प्रकृतीला जपा, मामींवर चिडू नका.

तुमचा,
चौकशीवाला भाचा

ता. क. रविवारी तुम्ही येऊन वाजवावं. दुसरं कुणी चालणार नाही. शांतता लागणारे वादक पुष्कळ आहेत, पण काट्याचमच्यांच्या खडखडाटात, वेटरच्या हाकांत, बिलावरून चाललेल्या भांडणांत उभी हयात वाजवलेला माणूस मला एकच ठाऊक आहे. इंजिनं चालू राहतील, मीही बोलत राहीन. तुम्ही थांबायचं नाही.

ता. क. दुसरा. हे पत्र टपालाने पाठवलेलं नाही. तुमच्या गावच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर दिलं आहे आणि रविवारी सकाळी तो दाराशी येऊन भोंगा वाजवेल. मामी तयार आहेत. रद्दी त्यांनी मंगळवारीच घालवली, हे तुमच्या लक्षात आलं नाही याचा अर्थ तुम्ही त्या खोलीत जातच नाही.

ता. क. शेवटचा. आमच्याकडे भोंगे नवे बसले तेव्हा जी घंटा होती ती तुम्हाला असह्य झाली होती, आठवतं? कावळा गिळल्यासारखी वाजते म्हणालात, आणि एका सकाळी हॉटेलातल्या पियानोवर तीन सूर वाजवून मला टेप करून दिलेत. पुढे काय आहे विचारलं तर म्हणालात, पुढचं ऐकायला इथे कोण बसणार आहे. तुम्ही विसरलात. ते सूर कुठल्या रचनेतून उचलले होते हे मलाही उद्घाटनाच्या दिवशीच कळलं. या गावात तुमच्या वाजवण्याला कुणी उठून उभं राहिलं नाही असं तुम्ही म्हणता. मामा, इतकी वर्षं हे गाव दुसऱ्या कशालाही उठून उभं राहिलेलं नाही. पुढचं मात्र अजून कुणीच ऐकलेलं नाही. त्या दिवशीही नाही, आम्ही सगळे फलाटांवर गाडी शोधत होतो. रविवारी तेच वाजवा. पहिल्या तीन सुरांना लोक उठतील, उठू द्या. त्यानंतर मी काय सांगतो ते ऐकायची त्यांना सवय आहे. मी माइकवर एवढंच सांगेन, की कुठलीही गाडी लागलेली नाही, बसून घ्या.