चादरी जिने धुतल्या, घर तिचे

मी, भिकाजी धोंडू हाटे, वय चौसष्ट, राहणार कुडपण, तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र चष्मा लावून, पोटभर जेवून आणि कोणाच्याही धाकाविना लिहीत आहे. म्हातारा भ्रमिष्ट झाला असे माझा मुलगा अश्वजित म्हणणार, म्हणून डॉक्टरांचा दाखला आधीच जोडला आहे.

कलम १. माझी मिळकत वडिलार्जित नाही. भूमध्य समुद्रातल्या माल्टा या बेटावर मी नऊ वर्षे हॉटेलच्या लाँड्रीत चादरी धुतल्या. त्या देशाचे बरेचसे पोट पाहुण्यांवर भरते. विमाने उतरली की टॅक्सीवाल्यापासून मासेवाल्यापर्यंत सगळे खूश. करोनात विमाने थांबली तर अख्ख्या बेटाचे तोंड सुकले. पाहुणा वाईट नाही, मी त्याचेच मीठ खाल्ले आहे. पण ग्राझिया नावाची एक म्हातारी आमच्याकडे खोल्या झाडायला येई. दुसऱ्या मजल्यावर चादर अंथरता अंथरता ती एकदा थांबली आणि म्हणाली, "या खोलीत माझा जन्म झाला." तिच्या भावाने घर हॉटेलवाल्याला विकले होते.

कलम २. त्या कमाईतून बांधलेले कुडपणचे घर, पाहुण्यांच्या चार खोल्या व भोवतालची जागा मी माझी सून शर्मिला अश्वजित हाटे हिला देत आहे. एकटीला. कारणही लिहितो, म्हणजे कोर्टात विचारायला नको. होमस्टे ती चालवते. सकाळी भाकऱ्या, दुपारी चादरी. पावसाळ्यात धुक्यामुळे त्या तीन-तीन दिवस वाळत नाहीत, तेव्हा चुलीच्या उबेला धरून वाळवते. इंटरनेटवर मात्र फोटो अश्वजितचा. तो राहतो पनवेलला, शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून येतो आणि पाहुणे लिहितात, 'अश्वजितभाऊंच्या हातच्या पिठल्याला तोड नाही.' याने जन्मात पिठले ढवळलेले नाही.

कलम ३. अश्वजितने हे घर मुंबईच्या एका रिसॉर्टवाल्याला द्यायचे परस्पर ठरवले. ओटीवर बसून मला म्हणाला, "शर्मिलाला तिथंच कामाला ठेवतील, पगार मिळंल. बाईमाणसाच्या नावावर जागा कशाला, आबा? घर एकच हाय ना?"

मी म्हणालो, "एकच हाय, तर आज चादरी तू धू."

त्याला लगेच पनवेलची घाई आठवली. आणखी एक ग्राझिया मी बघणार नाही, आणि माझ्या घरात तर नाहीच नाही. कोणाला काय करायचे ते करा.

कलम ४. अश्वजितला माझे मनगटी घड्याळ, माल्टाहून आणलेली इस्त्री आणि बापाचा राग. इस्त्री अजून चालते.

कलम ५. मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी खोल्यांत पाहुणे असतील तर त्यांना परत पाठवू नये. वंदना घ्यावी, जेवू घालावे, आणि स्वयंपाक कोणी केला ते त्यांना स्पष्ट सांगावे.

कलम ६. एवढे लिहून काल शर्मिलाला वाचून दाखवले. वाटले, डोळ्यांत पाणी आणेल. ती भाकरी थापत होती, हातही थांबवला नाही. म्हणाली, "म्हंजे आबा, तुमी मरायची वाट बगू काय मी? माझ्यानं नाय व्हायचं."

आधी राग आला, मग पटले. मेल्यावर देण्यात कसला मोठेपणा? तेव्हा हातातून काही सोडावेच लागत नाही. म्हणून आज पोलादपूरला जाऊन कलम २ मधील सर्व मिळकतीचे बक्षीसपत्र तिच्या नावे नोंदवून आलो. ते कलम मी खोडत नाही. कारणे सर्वांनी वाचावीत.

परत आल्यावर उंबऱ्याबाहेर उभे राहून तिला विचारले, "मी इथं राहू का?"

ती म्हणाली, "ऱ्हावा की, आबा. या घरात मला कुनी इचारलं, ह्ये आज पयल्यांदाच."

चपला काढून आत गेलो. लेख संपला.

खालील दोघांच्या देखत सही केली आहे.

(सही) भिकाजी धोंडू हाटे

साक्षीदार :
१. महिपत सयाजी शेलार, शेतकरी, कुडपण (सही)
२. आम्रपाली राजेंद्र साळवी, शिक्षिका, पोलादपूर (सही)

ठिकाण : कुडपण
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५