अंथरुणं कुठं पडतात

मनोरी,
फेब्रुवारी १९८६

प्रिय चंदूदादा,

तुझं संक्रांतीचं कार्ड मिळालं. तिळगूळ कमळआतेच्या हाती पाठवलास, त्यातला निम्मा तिनं मार्व्याहून येताना तरीच्या होडीतच संपवला, आणि हे तिनं स्वतःच मला न लाजता सांगितलं. उरलेला चांगला होता, वहिनीला सांग. आते म्हणत होती, गोरेगावच्या बाजारात वहिनी भेटली, आणि सुरमई पुढे केली तर तोंडाला पदर लावून मागे सरकली. आतेनं त्यावरून काय ओळखायचं ते ओळखलंय. मी काही विचारत नाही. तुम्हाला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगा.

इकडे सगळे बरे आहोत. बाचा खोकला थंडीत वाढला होता, आता उतरलाय. माझ्या बालवाडीत यंदा पोरं वाढलीत, बसायला चटया पुरत नाहीत. दोन वर्षांत मी तुला चार ओळींच्या वर कधी लिहिलं नाही, हे मात्र लांबणार आहे. जेवून निवांत बसून वाच.

गावात सध्या घरांची पाहणी चालू आहे. शाळेच्या मागे तो माळ आहे ना, जिथं पतंगामागे धावताना तू पाय मोडून घेतला होतास, तिथं गावातल्या गरजू लोकांसाठी स्वस्तात लहान घरं बांधता येतील का, असा विचार वर कुठंतरी चाललाय. पण गरजू कोण आणि किती, हे आधी कळायला हवं. त्यासाठी अंधेरीच्या एका संस्थेनं विमलाताई म्हणून बाई पाठवल्यात. पन्नाशीच्या असतील, केस पांढरे, पायात कॅनव्हासचे बूट. बालवाडीमुळे मला सगळी घरं ठाऊक, म्हणून पोरं घरी गेली की मी त्यांच्याबरोबर हिंडते. मला वाटलं होतं, लोक रांगा लावतील. कसलं काय! घर आहे का? आहे. पक्कं आहे? भिंती पक्क्या, वर कौलं. आणखी जागा हवी आहे का? नाय बा, मोप जागा हाय. आपल्या तुळशीदासकाकाच्या घरात पाय ठेवायला जागा नाही, तोसुद्धा छाती काढून म्हणाला, मोप हाय. परक्या बाईपुढे आपलं घर लहान आहे असं म्हणायचं कुणी? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धक्क्यावर तरीची वाट बघताना विमलाताई हसून म्हणाल्या, "जया, या कागदांवरून तर तुमच्या गावात कुणालाच काही नको आहे. मग मी उद्या येऊ कशाला?"

पण त्या आल्या. त्या दिवशी आम्ही सुगंधाकाकूकडे गेलो. तिचे तिघे मुलगे, तिघांच्या बायका, पोरं, म्हातारा, सगळं तुला माहीत आहेच. विमलाताईंनी कागद पिशवीतून बाहेरच काढला नाही. काकूनं सुकवलेले बोंबील भाजून दिले, ते खाल्ले, तिच्या हाताची तारीफ केली, आणि उठता उठता सहज विचारलं, "काकू, रात्री तुमची अंथरुणं कुठं पडतात हो?" आधी सगळ्या बायका फिसकन हसल्या. मग कुणी कुणाकडे बघेना. धाकट्या सुनेनं, शकुनं, तर मान इतकी खाली घातली की मलाच कसंतरी झालं. शेवटी काकूच बोलली. म्हातारा देवळाच्या ओसरीवर निजतो. दोन साड्या दोरीवर टाकून खोलीचे तीन भाग करतात. पोरं काकूबरोबर दारापुढच्या ओट्यावर. शकु सारखी वेसाव्याला माहेरी जाते, तिला माहेरचं फार वेड म्हणून आम्ही तिला चिडवायचो ना, ते वेड नव्हतं रे. तिला साडीच्या भिंतीआड झोप लागत नाही, एवढंच होतं. काकू म्हणाली, "माझी पोरगी असती तर मी काय केलं असतं, ताई? पन भिंत कुठून आनू?" आणि तिनं डोळे पुसले. सुगंधाकाकूनं, दादा! जी बाजारात भल्याभल्यांना रडवते.

त्या दिवसापासून विमलाताई प्रत्येक घरी तो एकच प्रश्न विचारायला लागल्या आणि गाव बोलायला लागलं. कोण शाळेच्या व्हरांड्यात झोपतं, कोण जाळ्यांच्या ढिगावर, कोणी लग्न दोन वर्षं पुढे ढकललंय. किनाऱ्यावरच्या सुट्टीच्या बंगल्यांत आठवडाभर राखणदाराशिवाय कोणी नसतं, आणि त्या राखणदाराची बायको आपल्या आळीत दिराच्या घरी कोपऱ्यात निजते. मी याच गावात जन्मले, रोज याच वाटांनी जाते, आणि मला हे ठाऊक नव्हतं. निदान सगळं ठाऊक नव्हतं.

मग आपल्या घराची पाळी आली. मी म्हटलं, आमचं मीच सांगते, त्यात काय. तर विमलाताई म्हणाल्या, नको, घरातल्या मोठ्या माणसाला विचारू दे. बा ओट्यावर जाळं शिवत बसला होता. मी पाणी आणायला आत गेले. लग्नानंतर तुम्ही राहत होतात त्या आतल्या खोलीत आता काय ठेवता, असं तू कधी विचारलं नाहीस, मीही लिहिलं नाही. तुझा लोखंडी पलंग तसाच आहे. मी एकदा त्यावर वाल पसरले होते, तर बा केवढा ओरडला होता. मला वाटायचं, तुझ्यावरचा राग अजून धगधगतोय, म्हणून तुझ्या वस्तूला हात लावू देत नाही.

विमलाताईंनी विचारलं, अंथरुणं कुठं पडतात. बा मान वर न करता म्हणाला, "पोरगी सैपाकखोलीत, मी हितं ओट्यावर." आतल्या खोलीत कोण? "ती पोराची हाय." तो इथं राहतो का? "नाय, गोरेगावला. दोघं तिकडंच ऱ्हातात." मग खोली रिकामी आहे तर, असं त्या म्हणाल्या. तेव्हा बानं सुई थांबवली. "रिकामी कशी, बाई? त्यांची हाय."

मी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी राहिले. विमलाताईंनी हळूच विचारलं, तुम्ही ओट्यावर कधीपासून निजता? आणि बा त्या परक्या बाईला सगळं सांगायला लागला, दादा. कधी तुला नाही, मला नाही, तिला सांगायला लागला. जसं बोलला तसंच लिहिते. "पोराचं लगीन झालं, तवा पोरगीला बहिनीकडं निजायला धाडली. मी होडीवर निजायला गेलो. घरात निजायची एकच खोली, सैपाकखोलीच्या मधी फळीचं दार, त्येबी नीट लागत नाय. नवी पोरगी दुसऱ्या घरातून आलेली. पलीकडं सासरा खोकतोय, तर ती नवऱ्याशी चार शब्द कशी बोलंल? हसंल कशी?" विमलाताईंनी विचारलं, हे मुलाला सांगितलं होतं का? बा हसला. "असं बाप पोराला सांगतो काय? त्याची आय असती तर सुनंच्या कानात बोलली असती. ती नव्हती ना."

तुला आठवतं, तेव्हा मला आतेकडे पाठवताना बा काय म्हणाला होता? आतेला रात्री एकटीला भीती वाटते. कमळआतेला भीती! मी तेव्हाही हसले होते, पण पुढे विचार केला नाही. आणि तू? धक्क्यावर पोरं तुला टोमणे मारायची, कोकणातली परजातीची सून आणलीस म्हणून बापानं घर सोडलं, सुनेच्या हातचं जेवायला तेवढा येतो, पण तिच्या छपराखाली निजत नाही. तू ते ऐकत राहिलास, वहिनी ऐकत राहिली. ती बिचारी रोज बाचं ताट वाढताना किती घाबरायची, मी पाहिलंय. मिल बंद पडल्यावर तिच्या वडिलांचं, काशीरामकाकांचं, घर कसं चाललं होतं, त्यातून ती आपल्याकडे केवढ्या आशेनं आली होती. शेवटी तू म्हणालास, आम्ही गोरेगावला खोली बघितलीय. आणि बा म्हणाला, "मोठी हाय ना खोली? मग जा." तू ते हाकलणं समजलास. मीसुद्धा तेच समजले. खरं तर बा एवढंच विचारत होता की खोली मोठी आहे ना. त्याला विचारताच येत नाही धड, प्रत्येक गोष्ट होडीवर आरोळी ठोकल्यासारखी बोलतो. तुम्ही गेलात त्या दिवशी तो धक्क्यावर आला नाही, ते तुला फार लागलं होतं. तो होडीवर नेलेलं आपलं अंथरूण धुवत बसला होता, आतेनं पाहिलं. परत घरी निजायला येईन तेव्हा स्वच्छ हवं, असं तिला म्हणाला. आणि घरी आला तो ओट्यापर्यंतच. ती दोघं कधी रात्रीची आली तर खोली मोकळी नको का, असं तो त्या दिवशी विमलाताईंना म्हणाला. दोन वर्षं झाली, दादा, बा ओट्यावरच निजतोय. खोकला उगाच नाही लागला.

विमलाताई गेल्यावर मी त्याला म्हटलं, मी दादाला कळवणार. तर माझ्यावरच डोळे वटारले. "खबरदार. पोराला लाज वाटंल." म्हणून मी त्या आठवड्यात लिहिलं नाही.

गेल्या रविवारी शाळेत सभा झाली. कचेरीतून एक साहेब आले होते. त्यांनी आधीच सांगितलं, गावात जवळपास सगळ्यांना पक्की घरं आहेत, तेव्हा फार गरज दिसत नाही. विमलाताई उठल्या, भांडल्या नाहीत, फक्त कुठल्या आळीत किती माणसं घराबाहेर निजतात ते वाचून दाखवलं. नावं घेतली नाहीत. साहेब म्हणाले, उन्हाळ्यात सगळेच बाहेर झोपतात हो. तेव्हा सुगंधाकाकू मागून उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, आत्ता थंडी हाय." सगळी शाळा हसली, साहेबही हसले, आणि त्यांनी पेन काढलं. मग एकेक जण बोलायला लागला. तुळशीदासकाकासुद्धा उठला आणि म्हणाला, मी परवा खोटं बोललो, माझ्याकडं जागा नाय.

सभा संपत आली तेव्हा बा उठला. बा सभेत कधी बोलतो का? टोपी हातात घेऊन म्हणाला, "एक नाव लिवायचं ऱ्हायलं. चंदू धाकू कोळी, आनि त्याची बायको नलिनी. ऱ्हातात गोरेगावला, पन जागा नव्हती म्हनून गेली, मनानं नाय गेली. त्यांचं घर हितं हाय." वहिनीचं नाव त्यानं सगळ्या गावासमोर घेतलं, दादा, मोठ्यानं, नीट. जी पोरं तुला धक्क्यावर टोमणे मारायची, ती तिथंच बसली होती. कोणी हसलं नाही. विमलाताई म्हणाल्या, बाहेर गेलेली अशी आणखी घरं असतील तर तीही सांगा. किती नावं निघाली म्हणतोस! निम्मं गाव मालाड-गोरेगावच्या चाळींत आहे असं वाटलं.

आता खरं ते सांगते, उगाच आशा लावत नाही. विमलाताईंनीच जाताना स्पष्ट सांगितलं, पाहणी झाली म्हणजे घरं झाली असं नाही. कागद वर जातील, जागेचा घोळ निघेल, वर्षं लागतील, कदाचित होणारही नाही. मी रडवेली झाले, बा मात्र शांत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर घराच्या मागची जाळी ठेवायची पडवी त्यानं रिकामी केलेली. सरकारचं होईल तेव्हा होईल, म्हणाला, पाऊस यायच्या आत इथं एक खोली उभी राहते, वेगळं दार असलेली. गवंडी धोंडिराम येऊन काल दोरी लावून गेला.

आणि दादा, पत्र त्यासाठीच लिहिते आहे. बाकीचं सगळं माझं, बाला न सांगता लिहिलेलं. बाचा निरोप फक्त शेवटचा आहे. धोंडिरामनं बाला विचारलं, चूल कुठल्या अंगाला घालू, खाडीकडं की आळीकडं? बा दोन्ही अंगांना जाऊन बघून आला. मग म्हणाला, ते मी कसं सांगू, जी रांधनार तिला विचारायला हवं. संध्याकाळी घरात आला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "चंदूला पत्र लिव. म्हनावं, नलिनीला विचार, चूल कुठं पायजे. ती सांगल तोवर काम थांबवलंय."

तुझीच,
जया