मालकीणबाईंनी घर विकलं नाही त्याची हकीकत

मेहुणेबुवांस सप्रेम नमस्कार.

ज्यांचं वाक्य घरात कधी कुणी पुरं होऊ दिलं नाही, अशा आपल्या पंथातल्या एकाने दुसऱ्याला लिहिलेलं हे पत्र आहे. तेव्हा अर्ध्यावर खाली ठेवू नका. तुमचा गुडघा कसा आहे? इकडे तुमच्या ताईची प्रकृती ठीक, माझी वाणी ठणठणीत आणि धंदा अंथरुणाला खिळलेला.

परराज्यात येऊन घरं विकायची, हा बेत माझा. निघताना मी चौकात खुर्चीवर चढून "आता मागे वळून पाहणे नाही" असं गर्जून सांगितलं (टाळ्या तुम्हीच सुरू केल्यात, विसरलेलो नाही). त्या भाषणापायी तुमच्या ताईने चांगला चाललेला शिवणवर्ग बंद केला. इथे तिला शेजारीणसुद्धा ओळखत नाही. दुपारभर ती आमचेच पडदे उसवते आणि पुन्हा शिवते. ते दिसलं की मी चपला घालून बाहेर पडतो.

परवा पहिलं गिऱ्हाईक मिळालं. जोडपं नवं, घर जुनं, मालकीणबाई विकायला उतावीळ. आमच्या दलाली कचेरीच्या साहेबांनी बजावलं होतं, "काका, खोल्या दाखवा, भाव सांगा आणि गप्प बसा." पण स्वयंपाकघरात ओट्यावर कोवळं ऊन पडलं होतं, त्याला मी काय करू? उन्हापासून सुरुवात करून मी निवाऱ्याच्या हक्कावर आलो, तिथून घरदार सोडून निघालेल्यांच्या हालांवर. जोडपं मध्येच नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारत होतं. मालकीणबाई मात्र दाराशी उभ्या राहून डोळे पुसत होत्या. शेवटी म्हणाल्या, "काका, पटलं मला. घर विकायचं नाही." (माझं भाषण ऐकून कुणी तसं वागल्याची ही आयुष्यातली दुसरी वेळ. पहिली तुमची ताई.) कचेरीत हे कळल्यावर साहेबांनी कपाळाला हात लावला. घरी येताना वाटेत मला माझीच लाज वाटली. परक्या बाईला जे कळवळून सांगितलं, ते घरच्या बाईला सांगायचं मला सुचलं नव्हतं.

तुमचा,
भाऊजी

ता.क. खरं काम पुढेच आहे. मी आपणहून परतलो तर चौकात तोंड कसं दाखवू? तुम्ही ताईला फोन करून आम्हाला परत बोलवा. माझं नाव काढू नका.

पुन्हा ता.क. पत्र तुमच्या ताईने वाचलं. म्हणते, "मी त्याला गेल्याच महिन्यात, आम्हाला परत बोलाव म्हणून सांगितलंय. तो म्हणाला, भाऊजींचं मन मोडवत नाही." मेहुणेबुवा, खुशाल मोडा. पत्र मिळताच फोन करा आणि मलाच करा. मी बराच वेळ नाही म्हणेन. तिकडे लक्ष न देता यायला सांगा.