झालं

सोमवार
नवी नोकरी, नवी खोली, दोन्ही एकाच इमारतीत: तळाला सायकलदुरुस्तीचं दुकान, मध्ये आमचं काम, वर मी. माझ्या खोलीला सतरा लोखंडी पायऱ्या. खिडकीतून ऊन येतं, खुर्ची कुरकुरत नाही, आणखी काय हवं? काम असं, की एका मशीनमधली डिस्क तारेवरून दुसऱ्या मशीनला स्वतःचीच वाटली पाहिजे. त्यासाठीचं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो आणि सगळ्यांना खुलं, फुकट देतो. पाठवलेला मजकूर डिस्कने आधी उतरवून घ्यायचा, मगच ‘झालं’ कळवायचं. आमची मेली डिस्क न लिहिताच ‘झालं’ म्हणते. आमचे मुख्य, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, ते म्हणाले की शुक्रवारपर्यंत चूक सापडायला हवी. माझ्या आधीचा माणूस अर्ध्यात सोडून गेला. त्याचा डबा अजून खिडकीत आहे. चाचणीला रोज काहीतरी खरं लिहायला लागतं, म्हणून ही रोजनिशी त्याच डिस्कवर. शुक्रवारी ताई राहायला येणार आहे.

मंगळवार
घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, आणि बिल्ड पाहावं जुन्या मशीनवर. लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्राम होईपर्यंत चाळीस मिनिटं देव पाण्यात घालून बसलो, तर शेवटी एक फाइल सापडेना. ती आणून दिली, तर दुसरी गायब. मास्तरांनी खापर मशीनवर फोडलं. नाचता येईना, अंगण वाकडं. चौथ्यांदा जमलं. चूकही सापडली, दुरुस्त केली, चालवून पाहिलं. ये रे माझ्या मागल्या! न लिहिताच ‘झालं’. टेबलावर डोकं आपटावंसं वाटलं.

बुधवार
आता ‘झालं’ मी पाठवण्याआधीच येतंय. उत्तर ११:०४ला, मजकूर ११:०६ला. दोन्ही मशीनची घड्याळं तीनदा ताडून पाहिली. जुळतात. मास्तर म्हणाले, तू थकलायस. थकलोय, वैतागलोय, पण आकडे वाचता येतात मला. मग डिस्कच उघडली. आजची नोंद तिथे पूर्ण आहे, मी अजून लिहितोय तरी. खाली शुक्रवारचीही आहे. तिची अक्षरं बिघडलेली, वाचता येतो फक्त शेवट: ‘ताई जिन्यावर आहे. दार—’ पुढे डिस्कच्या टोकापर्यंत नुसती शून्यं.

गुरुवार
शुक्रवारची नोंद पुसली. ‘झालं’ आलं. नोंद तशीच. पुन्हा पुसली. तशीच.
ताईला फोन केला, येऊ नकोस म्हटलं. कारण सांगता येईना, तापाचं खोटं सांगितलं. ती म्हणाली, मग तर येतेच. भांडलो. शेवटी रडलो, तेव्हा ऐकलं तिने. भीती वाटते, तिला काही होईल याची.
तार उपटून ठेवलीय. उद्या डिस्कवर एक अक्षर लिहिणार नाही.

शुक्रवार
वर खोलीत बसून वहीत लिहितोय, पेन्सिलीने. हात रिकामे ठेवून बसवत नाही.
दुपार. मास्तर आले नाहीत. खालचं शटरही बंद.
ताईचा फोन. ती घरीच आहे, भांडी लावतेय. आवाज ऐकला आणि जीव भांड्यात पडला. फोन चालूच ठेव म्हटलं.
जिना वाजतोय.
नऊ — दहा — सावकाश चढतंय —
ताई विचारतेय, कोण आलं रे?
सोळा. सतरा.
दाराबाहेरून आवाज. झालं का रे, असं विचारलं. ताईचाच —
फोनमधली भांडी थांबली. तिनेही ऐकलं. म्हणतेय, उघडू नकोस —
कडी मी लावली होती. लावली होती ना —
एक ताई फोनवर आहे. एक ताई जिन्यावर आहे. दार—