मॅडम म्हणे, तोंड उघड

२ मार्च, फुटबॉल कॅम्प
आज सराव मॅचमध्ये इज्जत गेली. उंच बॉल आला, मी मागे पळत त्याच्याखाली. आमची गोलकीपर लिंथोई पण गोल सोडून बाहेर निघाली. दोघीबी गप. धाडकन आपटलो, बॉल आरामात जाळीत.
कोच मॅडम धावत आल्या. "डिफेंडर है तू! मुँह में दही जमा है क्या? 'मेरा' बोलने में क्या जाता है?"
पाय चालतात, डोकं चालते, तोंडच उघडत नाई माहं. मलेच माह्यावर लय राग आला.
आठ दिवसांची सुट्टी. निघताना मॅडम म्हणे, "बोलती हुई आना. नहीं तो इंडिया का मॅच बाहर बैठके देखना."
देशाकडून माही पहिलीच मॅच. अन् बेंचवर? मरून जाईन.

५ मार्च, घरी
गडचिरोलीहून येष्टीनं आली. मायनं आधी गुडघे पाह्यले, मंग तोंड. "वाळली पोट्टी." दरवेळी हेच.
सगळं सांगितलं तिले. तिनं बाबाकडे बोट केलं. "तुमीच शिकवलं तिले गप राहाले."
खरं आहे. मोहाची फुलं वेचाले जंगलात गेलो की बाबाची ताकीद: नावानं हाक मारायची नाई, आरडाओरडा नाई. जंगल आयकते म्हणे. मी मैदानातबी तेच करून राह्यली! एवढे दिवस डोक्यात कसं नाई आलं बाप्पा.

७ मार्च
पहाटे मोहाखाली. टोपली अर्धी झाली, मी खाली पाहत झुडपाकडे सरकली. बाबाची लांब "कूऽऽ" आली. जागेवरच थांबली. झुडपातून अस्वल निघालं अन् आपल्या रस्त्यानं गेलं.
लांब कू म्हणजे थांब. आखूड म्हणजे मी इथी, हे माहं. दोनदा म्हणजे मागं हट. लहानपणापासून आयकते अन् देते. गप कुठी होतो आम्ही?
बाबाले मिठीच मारली. "काऊन वो, येडी झाली का?"
हाव, झाली.

१३ मार्च, कॅम्प
लिंथोईले कू शिकवली. आधी हसून हसून गवतात लोळली. मंग मैदानात उतरलो. जितके उंच बॉल आले तितके बाहेर काढले, एक टक्कर नाई. बाकीच्या पोट्ट्याबी कू कू कराले लागल्या.
मॅडम म्हणे, "ये क्या है? जंगल है क्या?"
"हाव मॅडम." निघून गेलं तोंडातून. हसल्या नाई त्या. वहीत काहीतरी लिहिलं.

१८ मार्च
खेळली! पहिल्या अकरात! राष्ट्रगीताले रडली नाई असं लिहिणार होती, पण स्वतःच्याच वहीत खोटं काऊन लिहायचं. भल्ली रडली.
समोरच्या टीमची नऊ नंबरवाली माह्यापेक्षा हातभर उंच. तरी कू देत देत ऐंशी मिनिटं रोखली तिले. शेवटी पोटरीत गोळा आला, एक पाऊल उशीर, अन् गोल. हारलो, एक-शून्य. पुढच्या दौऱ्याची यादी उद्या लागते.
पण मी खेळली. माह्या गावची मी, पाठीवर देशाचं नाव. मले लय गर्व आहे, लिहून ठेवते.
मायचा फोन. "हारले ना वो तुमी?"
"हाव."
"मंग गाव काऊन नाचून राह्यलं? टीव्हीसमोर ढोल आणला पोट्ट्यांनी!"
मंग बाबा फोनवर आले.
"बोला ना बाबा."
"घेतीन का तुले पुढं?"
"माहीत नाई."
"नाई घेतलं तं सांगजो. मी येतो तिथी भांडाले."
बाबा! ज्यानं आयुष्यात कोनासमोर आवाज चढवला नाई!
यादी सकाळी दहाले.