बाबांचा टेलिग्राफ आणि माझं लेझर

४ जानेवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठी कामं नेमकी कधी सुरू झाली ते नंतर आठवत नाही, म्हणून.

लेझर क्लीनिंगचं मशीन गॅरेजमध्ये आलं. गाडी रस्त्यावर गेली. ही म्हणाली, बाहेर राहून गंजेल. मी म्हटलं, गंजू दे, आता गंज काढणारा घरातच आहे. हसली नाही.

विमा कंपनीत फायली सरकवण्यात अर्धं आयुष्य गेलं. राजीनामा दिला, सुटलो. आता जुन्या जहाजांचं धातूकाम: कंदील, घंटा, गोल खिडक्यांच्या कडा. घासायचं नाही, अॅसिड नाही. प्रकाशाचा झोत फिरवायचा, वरचा थर जळून उडतो, खालचा धातू तसाच. बाबा जन्मभर जहाजाच्या इंजिन रूममध्ये राबले. माझ्याबद्दल त्यांचं मत एकच, याच्या हातात पाना दिला की नट रडतो. आता बघा म्हणावं.

११ जानेवारी
नांगराच्या साखळीची एक कडी साफ केली. अप्रतिम. पुस्तिकेत लिहिलंय, प्रत्येक वस्तूवर आधी एका कोपऱ्यात करून बघावं. हे नवशिक्यांसाठी असणार.

संकल्प: रोज एक वस्तू.

२० जानेवारी
रोज एक जमलं नाही. घरात धूर होतो म्हणून ही कुरकुरते.

पहिलं गिऱ्हाईक मात्र मिळालं. जुन्या सामानाचा दुकानदार. त्याची पितळी खिडकीची कड हिरवीगार पडली होती, मी आरशासारखी करून दिली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाला, त्या हिरव्या रंगासाठीच तर लोक येतात, आता ही बाथरूमची फिटिंग दिसते. या धंद्यात अडाणी माणसं फार.

२ फेब्रुवारी
त्याच दुकानदाराचा कंदील. दया येऊन दिला असावा. पॉवर जरा वाढवली, तर पितळ उडालं आणि खालून लोखंड निघालं. म्हणजे नुसता मुलामा होता! एवढी फसवणूक मी उघडकीला आणली, आणि आभार मानायचे सोडून तो म्हणाला की परत दुकानाची पायरी चढू नका. नाही चढत. पायऱ्या तशाही मोडक्याच आहेत.

ही जेवताना म्हणाली, ऑफिसात पुन्हा विचारून बघायला काय हरकत आहे. असले विषय जेवताना काढू नयेत. भूक मरते.

१५ फेब्रुवारी
ताईकडे गेलो. बाबा तिच्याकडेच असतात. आठवण पार गेली आहे. मला प्लंबर समजून म्हणाले, आतल्या बाजूचा नळ गळतोय. ताईला हसू आलं. मला नाही आलं.

त्यांच्या खुर्चीजवळ त्यांच्या जहाजाचा टेलिग्राफ आहे. वर कॅप्टनने हुकूम दिला की खाली इंजिन रूममध्ये या तबकडीवर काटा सरकायचा: पुढे, हळू, थांबा. बाबांनी पितळी दांडा त्याच जागी आणायचा, म्हणजे हुकूम पोचला. जहाज भंगारात गेलं तेव्हा त्यांनी हा तेवढा मागून घेतला. रोज संध्याकाळी दांडा थांबावर आणतात, अंगठ्याने चाचपतात, बंद म्हणतात आणि झोपायला जातात. माझं नाव आठवत नाही, हे आठवतं.

टेलिग्राफ काळाकुट्ट झालाय. १ मार्चला बाबांचा वाढदिवस. तोवर लखलखीत करून दाखवतो. आयुष्यात एकदा तरी शाब्बास म्हणतील.

ताई म्हणाली, त्याला हात लावायचा नाही. तिला असल्या गोष्टींतलं काही कळत नाही.

२१ फेब्रुवारी
ताई बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. दार भावोजींनी उघडलं. ते कधी काही विचारत नाहीत, देवमाणूस. टेलिग्राफ उचलून गॅरेजमध्ये आणला, काम केलं, ताई-बाबा परतायच्या आत जागेवर ठेवला.

काय झळकतोय! कोरलेली अक्षरं शाबूत. कडेला कुण्या गबाळ्याने लाल रंगाचा गोळा थापून ठेवला होता, थरावर थर. त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला, पण सोडला नाही. ही चिकाटी बाबांकडून आली.

२२ फेब्रुवारी, सकाळ
ताईचा फोन. बाबा झोपले नाहीत. दांडा फिरवतच आहेत.

तो लाल गोळा बाबांचाच. दांड्याच्या खाचा झिजल्या होत्या, आणि इंजिन रूममध्ये वाफ झाली, दिवे गेले की काही दिसायचं नाही. म्हणून थांबाच्या जागी त्यांनी रंगाचा उंचवटा केला होता. दर वर्षी नवा थर. अंगठ्याला तो लागला की जहाज थांबलं.

हे मला आधी सांगायला नको? घरात मला कुणी काही सांगतच नाही. ताई म्हणाली, सांगितलं होतं, हात लावू नकोस म्हणून. हे काय सांगणं झालं!

२४ फेब्रुवारी
लाल रंग आणला, तसाच गोळा केला. बाबांनी अंगठा लावला आणि चटका बसावा तसा काढून घेतला. ताईला म्हणाले, कुणीतरी दुसऱ्या जहाजाचा आणून बसवलाय. हल्लीच्या रंगांना दर्जाच नाही.

१ मार्च, संध्याकाळ
वाढदिवस. केक तसाच पडून. बाबा खुर्चीत बसून दांडा फिरवत होते. मनगट सुजलंय. जहाज चालू असताना ड्यूटी सोडून झोपू कसा, म्हणतात. गोळी दिली की जरा डोळा लागतो, मग पुन्हा तेच.

ताईला म्हटलं, सरक, मी बघतो. बाबांचा हात धरून दांडा थांबावर नेला आणि मोठ्याने म्हणालो, इंजिन बंद झालं, साहेब. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मला वाटलं ओळखलं. शाब्बास म्हणतील असंही वाटलं, खोटं कशाला लिहू.

त्यांनी विचारलं, तपासलंस? मी म्हणालो, हो. मग ते ताईकडे वळून म्हणाले, हा कोण आहे मला माहीत नाही, पण याच्या भरवशावर झोपता येणार नाही. तू खाली जाऊन बघून ये.

ताई उठली. दाराबाहेर जाऊन जराशी उभी राहिली, आत येऊन म्हणाली, बंद आहे. बाबांनी दांडा सोडला आणि खुर्चीतच झोपले.

निघताना मी ताईला म्हणालो, कल्पना तशी माझीच होती. ती बाबांच्या अंगावर पांघरूण घालत होती.

चेहरा विसरले, नाव विसरले. माझ्याबद्दलचं ते एक मत तेवढं राहिलं.

घरी येऊन मशीन भिंतीला सरकवलं, वर चादर टाकली. गाडी आत घेतली. गाडीच्या दाराला खालून गंज चढलाय. हिने तो पाहिला, पण मला दाखवला नाही.